तेरावा अडथळा

विवाहाची नोंदवही समोर ठेवून वधूवरांची चौकशी करणे हे आम्हां धर्मगुरूंचे नित्याचे काम. ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कायदेसंहितेत विवाह अवैध ठरविणारे बारा अडथळे सांगितले आहेत. अपुरे वय, आधीचा विवाहबंध, रक्ताचे नाते, दत्तकविधानाने जडलेले नाते वगैरे. त्यांपैकी एक, म्हणजे गुरुदीक्षेचा, आम्हांला स्वतःलाच लागू आहे! परंतु पंचवीसहून अधिक वर्षांच्या सेवाकाळात आम्हांला घराघरांतून एक तेरावा अडथळाही दिसत आला आहे. त्याचे नाव वृद्ध आईबाप. तो कोणत्याही कलमात नाही, म्हणून त्यातून सूट देण्याचा अधिकार बिशपांनाही नाही. तो भावंडांत वाटलाही जात नाही. बहुधा एकाच अपत्याच्या, आणि त्यातही धाकट्या मुलीच्या वाट्याला तो सबंध येतो.

हा अडथळा आमच्या घरातही होता. आम्ही चार भावंडे. दादा नोकरीनिमित्त नागपूरला स्थायिक झाले, ताई परिचारिका होऊन वर्ध्याला गेली, आम्ही सेमिनरीत गेलो. धाकटी तेवढी आईबाबांजवळ देऊळघाटला राहिली. बाबांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिक्षकाची नोकरी केली आणि निवृत्तीनंतर याच गावात घर बांधले. आज ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. आईला ऐंशी झाली. गुडघ्यांमुळे ती अंगणापलीकडे जात नाही. धाकटीने शिवणयंत्रावर घरखर्चाला हातभार लावीत या दोघांचे सारे केले. मधून मधून स्थळे येत आणि परत जात. अखेर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अकोल्याच्या एका विधुर सद्गृहस्थांनी तिला मागणी घातली, आणि तिने प्रथमच ‘हो’ म्हटले. लग्न जानेवारीच्या अखेरीस ठरले. त्याआधी सर्वांनी मिळून आईबाबांना भेटून यावे, असे दादांनी सुचविले. गेल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो.

पूर्वी नागपूरहून देऊळघाटला जाणे म्हणजे एक दिवसाचे काम असे. बुलढाणा जिल्ह्याचे ठिकाण असूनही तेथे रेल्वे नाही. मलकापूरला गाडीतून उतरायचे आणि एस.टी.ने राजूरचा घाट चढून बुलढाणा गाठायचे. आता समृद्धी महामार्ग झाला आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी मुंबईकडचा शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. दादांच्या गाडीत आम्ही पाच जण होतो. दादा, वहिनी, ताई आणि आम्ही. गाडी पुतण्या चालवीत होता. मागच्या आसनावर धाकटीसाठी घेतलेल्या पांढऱ्या साडीचा खोका होता. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच मार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी मरण पावले होते. ती आठवण वहिनींच्या मनातून जात नव्हती. पुतण्याने वेग वाढविला की त्या “हळू रे बाबा” म्हणत. आम्ही सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना केली. त्या मृतांसाठीही एक रहस्य वाहिले.

माळ संपली आणि खरा विषय निघाला. धाकटी गेल्यावर आईबाबांचे काय? दादा म्हणाले, नागपूरला आणू. वहिनींनी हळूच आठवण दिली की घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन नाही. ताईने धर्मभगिनींच्या वृद्धाश्रमाचा विषय काढला; तिचाच आवाज वाक्याच्या शेवटी खाली गेला. पगारी बाई ठेवावी, असेही निघाले. वाशिम जिल्हा मागे पडेपर्यंत आकड्यांची बेरीज चालली होती. रस्ता सरळ आणि गुळगुळीत होता. बोलणे मात्र अडखळत होते.

मेहकरला आम्ही महामार्ग सोडला. तेथे पैनगंगा भेटली. ही नदी बुलढाण्याच्या पश्चिमेस अजिंठ्याच्या डोंगररांगेत, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला उगम पावते. देऊळघाट, मग येळगावचे धरण, मग मेहकर अशी ती खाली येते, आणि पुढे विदर्भ-मराठवाड्याची सीमा होऊन वर्धा नदीला मिळते. आम्ही तिच्या उलट, उगमाकडे चाललो होतो. चिखलीच्या पुढे रस्त्याकडेला तुरीची सोंगणी चालू होती, हरभरा गुडघ्याखाली हिरवा दिसत होता. पुतण्याच्या फोनमधील नकाशा एकदा देऊळगाव राजाकडे वळवू लागला, तेव्हा ताई हसून म्हणाली, “अरे, देऊळगाव राजा वेगळे, देऊळगाव मही वेगळे, आणि आपले देऊळघाट वेगळे!” गाडीतले सर्वजण सकाळपासून प्रथमच मोकळे हसले.

दुपारी घरी पोहोचलो. आई ओट्यावर बसूनच होती. शेजारचे चाचा दोन वेळा रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आले होते. पवित्र शास्त्रातील तोबितचा ग्रंथ आम्हांला त्या वेळी आठवला. तोबिया प्रवासाला गेलेला, तिकडेच सारेशी त्याचा विवाह झालेला. इकडे आंधळा तोबित दिवस मोजतो आहे आणि अन्ना रोज वाटेकडे डोळे लावून बसते आहे. मुलाचे लग्न आणि आईबापांची वाट पाहणे, या दोन गोष्टी त्या ग्रंथाने वेगळ्या केलेल्या नाहीत. परत येऊन तोबिया पहिली गोष्ट करतो ती पित्याच्या डोळ्यांना औषध लावण्याची. विवाहाच्या उपदेशात आम्ही धर्मगुरू त्या नवदांपत्याची प्रार्थना नेहमी सांगतो. त्या औषधाबद्दलही सांगितले पाहिजे.

भरीत-भाकरीचे जेवण झाले. धाकटी वाढत होती. गाडीत ठरविलेले सर्व पर्याय दादांनी एकेक करून बाबांपुढे ठेवले. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “आम्हांला कुठे ठेवायचे ते तुम्ही ठरविलेत. हिने इथून काय न्यायचे, ते कोणी विचारलेत का?” स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला. बाबा पुढे म्हणाले, “हे घर मी हिच्या नावे करणार आहे. तुमची हरकत असेल तर लग्नाआधी सांगा. लग्नानंतर तिला ऐकवू नका.”

आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास मुलगा व मुलगी यांना त्यात सारखाच वाटा मिळतो. दादांना ते ठाऊक होते. ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग उठले आणि बाबांच्या हातावर हात ठेवून एवढेच म्हणाले, “हरकत नाही, बाबा.” धाकटी दारात येऊन म्हणाली, “मला घर नको, दादा. तुम्ही येत राहा म्हणजे झाले.”

त्या एका वाक्याने गाडीतील सगळी बेरीज पुसली गेली. ताईने भिंतीवरची दिनदर्शिका काढली. तिच्यात औषधांच्या वेळा, दवाखान्याच्या तारखा, दुधाचा हिशेब, सारे एकाच हस्ताक्षरात लिहिलेले होते. ताईने त्याखाली दुसऱ्या शाईने लिहायला सुरुवात केली. ती सेवानिवृत्त झालेली, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल तिचे. मे आणि जून दादा-वहिनींचे. आमच्या नावापुढे पास्काच्या सणानंतरचे दहा दिवस लिहिले गेले. बिशपांनी ती रजा आनंदाने दिली. पुतण्याने स्वतःहून दिवाळीची सुट्टी मागून घेतली. ही व्यवस्था किती वर्षे टिकेल, ते प्रभू जाणे. आईबाबा मात्र देऊळघाटलाच राहिले, आणि धाकटी निर्धास्त मनाने वेदीपुढे उभी राहिली.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू ‘कुर्बान’ म्हणणाऱ्यांची कानउघाडणी करतो. जे आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले असे सांगून हात झटकणारे ते लोक! देवाला वाहिलेल्या आम्हां माणसांसाठी तो अध्याय विशेष आहे. संसारी माणसे ‘कुर्बान’ म्हणत नाहीत. ती नोकरी, मुलांच्या परीक्षा, जागेची अडचण अशी नावे घेतात. देशाचा २००७ चा ज्येष्ठ नागरिकांविषयीचा कायदाही निर्वाहाची जबाबदारी एकट्या धाकट्या मुलीवर टाकीत नाही. मुलगे आणि मुली सर्वांवर ती आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून पाळण्यास सांगितले. तो दिवस आपण हारतुरे देऊन साजरा करतो. पण त्या वृद्धांमागे उभी असलेली, लग्नाचे वय सरून गेलेली मुलगी आपल्याला क्वचितच दिसते.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात अशी एखादी धाकटी असेलच. तिच्यासाठी स्थळ शोधण्यापूर्वी तिच्या भावंडांना गाडीत बसवून एकदा घरी पाठवा. अडथळ्यांची चौकशी आम्ही धर्मगुरू नोंदवही उघडून करूच; हा तेरावा अडथळा मात्र भावंडांनीच मिळून दूर करायचा असतो.