मौजा, खसरा आणि कोतवालाचं पुस्तक

मंडळी, नागपूरच्या पेपरात लेआउटच्या जाहिराती येतात त्या आठवा. 'मौजा बेसा, ख. क्र. अमुक, प. ह. नं. तमुक.' प्लॉट घेणारा चौरस फुटाचा भाव पाहतो, मौजा कोणी वाचत नाही. पण सोमलवाडा, खामला, जयताळा, चिंचभवन ही सगळी एके काळची गावंच होती. शहर त्यांच्यावरून पसरलं, सरकारी कागदावर मात्र मौजा अजून मौजाच आहे. काही मौज्यांत तर आता माणूस राहत नाही, रिठी म्हणतो आपण त्यांना. वस्ती उठली, नाव आणि नकाशा तेवढा राहिला.

या कागदांचा नाद मला बातमीसाठी लागला नाही, पुतणीसाठी लागला. बारावी झाली, इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि जात वैधता प्रमाणपत्राचं घोडं अडलं. आम्ही ओबीसी. म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जात लिहिलेला पुरावा पाहिजे. जितका जुना तितका चांगला. घरात काय होतं? आज्याचा एक फोटो आणि तांब्याचा एक गुंड.

शेतीवाल्यांचं बरं असतं. बंदोबस्ताची मिसल असते, १९५४-५५ चं अधिकार अभिलेख असतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, कुळांची नावं कागदावर आली. पण आमचा पणजोबा दुसऱ्याच्या वावरात राबणारा. त्याच्या नावानं खसरा नाही, म्हणून मिसलीत तो नाही. अशा माणसाची नोंद सापडली तर एकाच ठिकाणी सापडते, कोतवालाच्या पुस्तकात.

तरुण मित्रांसाठी सांगतो. इंग्रजांच्या मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा आणि पुस्तक घेऊन ठाण्यात वर्दी द्यायला जायचा. तारीख, बापाचं नाव, जात, मेला असेल तर कशानं मेला. बहुतेक गावांत कोतवाल महार समाजाचा. त्याला स्वतःला लिहिता येत नसलं की दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचा. ज्यानं आयुष्यभर गावाच्या नोंदी वाहून नेल्या, त्याचीच नातवंडं आज १० ऑगस्ट १९५० च्या आधीची नोंद मागत त्याच पुस्तकासाठी खेटे घालतात. १९५६ नंतर शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलं गेलं, म्हणून जुना कागद शोधणं आलंच.

मी चार खेपा घातल्या. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, तिथल्या माणसांचाही दोष नाही. एक शिपाई, एक खोली, छतापर्यंत गठ्ठे. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "भाऊ, पुस्तक हाये, पन मंदातली पानं नाही." उंदीर, पाणी, आणि कोणीतरी पानच फाडून नेलेलं. चौथ्या खेपेला मौज्याचं आधीचं पुस्तक निघालं. १९१८ ची पानं उलटताना हात थांबला. एकाच रकान्यात खालपर्यंत ताप, ताप, ताप. मानमोडीची साथ ती. एकाच बापाच्या नावापुढे आठ दिवसांत तीन नोंदी. मी आज्याला शोधायला आलो होतो, ते घटकाभर विसरलो.

पुढे काही वर्षांनी पणजोबाचं नाव मिळालं. जात स्पष्ट. आणि पुढे फक्त 'मुलगा'. नाव नाही! जन्माच्या वेळी पोराचं नाव ठेवलेलं नसायचं, म्हणून पुस्तकात ते नसतंच. हा मुलगा म्हणजे आमचाच आजा, हे आता सिद्ध कोणी करायचं? शेवटी आज्याच्या धाकट्या भावाचं नाव जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडलं, बापाच्या नावासकट. त्यावरून वंशावळ जोडली, प्रतिज्ञापत्र केलं.

त्या वंशावळीत पाच पिढ्यांचे पुरुष आहेत. माझी आजी कुठेच नाही, पणजीचं तर नावही घरात कोणाला माहीत नाही. नोंदीत पोर झालं ते बापाला.

आयर्लंडमध्ये १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं दप्तर जळालं, जुन्या जनगणनेचे कागद त्यात गेले. पण जे वाचलं, १९०१ आणि १९११ ची जनगणना, ते त्यांनी गाववार ऑनलाइन टाकलं आहे, फुकट. अमेरिकेतला माणूस घरबसल्या पणजोबाचं घर शोधतो. आपल्याकडे काही जळालं नाही. आपलं रोज थोडं थोडं कुरतडलं जातंय.

आणि स्कॅनिंग होत नाही असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, कुणबी नोंदी शोधायला यंत्रणा कामाला लागली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. चांगलंच झालं. पण पुस्तक उघडलंच आहे तर एका जातीच्या नोंदी काढून ते परत का बांधता? आख्खं पुस्तक स्कॅन करा ना. मौजावार, सालवार टाका. दरवर्षी जूनमध्ये पोरांचे बाप रजा टाकून रांगेत उभे राहतात, दलालाला पैसे मोजतात, ते तरी वाचेल.

जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी या पोस्टवर दोन ओळी लिहाव्यात, मी वाट पाहतो. आणि तुम्ही घरी जुनी पेटी असेल तर आजच उघडा. शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुनी खरेदी, जे सापडेल त्याचा फोटो काढून ठेवा. त्याआधी आजीला तिच्या आईचं नाव विचारा आणि तारीख टाकून लिहून घ्या.

पुतणीची फाइल समितीकडे आहे. पुढच्या बुधवारी मूळ कागद घेऊन बोलावलंय.