गावकुसापासून बेथेलपर्यंत

स्थलांतरितांनी स्थापिलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा विषय निघाला की, अमेरिकेच्या मैदानी मुलखात जर्मन व नॉर्वेजियन शेतकऱ्यांनी उभारलेली लूथरपंथी देवालये अभ्यासकांस प्रथम आठवतात. परंतु मंडळ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करताना माझे मन ज्या स्थलांतरात सर्वाधिक गुंतले, ते कुंडलिकेकाठच्या या जालना शहरालगत, अवघ्या काही कोसांच्या टापूत घडलेले आहे.

त्याचे प्रवर्तक रेव्हरंड नारायण शेषाद्री. ज्या 1843 साली स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून फ्री चर्च फुटून निघाले, त्याच साली मुंबईत या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. आणि त्यांचा अल्पवयीन बंधू श्रीपत न्यायालयाच्या हुकमाने पित्याच्या ताब्यात परत आल्यावर त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून बाळशास्त्री जांभेकरांनाही शास्त्र्यांचा रोष पत्करावा लागला. एवढे वादळ अंगावर घेतलेला माणूस एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात निजामाच्या मुलखात, हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीने गजबजलेल्या जालन्यास आला.

येथे त्यांच्याभोवती मिळालेली माणसे प्रामुख्याने मातंग समाजाची होती. दोरखंड वळावेत, केरसुण्या बांधाव्यात, पडेल ती कामे करावीत आणि सुगीला खळ्यावरून बलुत्याचा वाटा उचलावा, ही त्यांची पिढीजात रीत. धर्म बदलताच त्या वाट्यावर गदा येणार हे उघडच होते. केवळ उपदेशाने अशी मंडळी उभी राहत नाही, तिला पोट असते, हे शेषाद्रींनी ओळखले, आणि यातच मला त्यांचे खरे मोठेपण दिसते. त्यांनी दिवाण सर सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली. मुसलमान राज्याच्या दिवाणाने, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकास, मातंग कुळांच्या वस्तीसाठी जमीन द्यावी, हा योग आपल्या इतिहासात दुर्मीळ खरा!

त्या जमिनीवर बेथेल वसले. गावकुसाबाहेरची माणसे तेथे नव्या गावाची मूळ रहिवासी झाली. तेथल्या देवालयाइतकेच तेथले शेतही त्यांच्या मंडळीचे अंग होते. जुने गाव सोडताना हक्काचे बलुते, वतनाची ओळख आणि सोयरीकही मागे पडली असणार. समुद्र ओलांडून जाणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर निदान त्यांचे मूळचे चर्च तरी होते, या माणसांना तेही नव्याने घडवावे लागले. म्हणूनच या मंडळीचे संस्थापक म्हणून एकट्या शेषाद्रींचे नाव घेणे मला अन्यायाचे वाटते.

1873 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस शेषाद्री उपस्थित होते. 1891 साली त्यांचा देहान्त झाला, तोवर बेथेलात जन्मलेली पिढी हाताशी आलेली होती. बलुत्याचा वाटा तिने कधी मागितलाच नव्हता.