आज्जी आणि सिव्हिल

शनिवार सकाळ. कपडे वाळत घालून झालेत, दुसरा चहा झालाय, आणि आज टेक्निकल काही लिहायचा अजिबात मूड नाही. गेल्या महिन्यात आज्जी गेली. पंचाण्णव वर्षांची होती. भेटायला येणारा प्रत्येक जण "सोनं झालं" म्हणून गेला. झालं असेलही.

आज्जी आपलं वय मार्शल लॉवरून सांगायची. मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला तेव्हा आपण आईच्या पोटात सात महिन्यांचे होतो, असा तिचा हिशोब. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याला फाशी दिलं. ज्या हुतात्मा एक्सप्रेसने मी पुण्याहून घरी जातो ती यांच्याच नावाची. (खिडकीच्या सीटवरून भांडणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, देव जाणे. मलाही आज्जीनेच सांगितलं.)

तिचं माहेर कानडी. माहेरच्या गल्लीत तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची घरं, त्यामुळे तेलुगू खेळता खेळता आली. शाळा मराठी, तीसुद्धा चौथीपर्यंतच. सोलापुरात हे फार विशेष नाही म्हणा. आमच्याकडे भाजीवाला तीन भाषांत घासाघीस करतो. लग्न होऊन ती आमच्या मराठी घरात आली आणि तिची कानडी दोन ठिकाणी उरली, बहिणीशी बोलताना आणि आम्हाला रागावताना. म्हणून मला कानडीतले साधारण सहा शब्द येतात आणि त्यातला एकही इथे लिहिण्यासारखा नाही.

आजोबा मिलमध्ये जॉबर होते. १९७२ च्या दुष्काळात ते आजारी पडले आणि सिव्हिलमध्ये महिनाभर होते. आज्जी डबा घेऊन जायची. तिथे तिला इंडी तालुक्यातून आलेली एक बाई भेटली. नवरा तिला ॲडमिट करून मजुरीला परत गेलेला. डॉक्टर मराठीत विचारायचे, बाई कानडीत उत्तर द्यायची, आणि दोघंही आवाज वाढवून तेच तेच बोलायचे. आज्जी मध्ये पडली. "अहो डॉक्टर, पोटात नाही, पाठीत दुखतंय म्हणत्येय ती."

त्याच महिन्यात आजोबा गेले. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी आज्जी डबा भरून पुन्हा सिव्हिलला. घरात आरडाओरडा. लोक काय म्हणतील वगैरे. तिचं उत्तर एवढंच, की ती बाई अजून तिथेच आहे.

बाई बरी होऊन गेली, आज्जीचं जाणं मात्र थांबलं नाही. मंगळवार आणि शुक्रवार, जवळजवळ पस्तीस वर्षं. व्हॉलंटिअर हा शब्द तिला माहीत नव्हता. तिला कोणी नेमलं नव्हतं, तिच्याकडे कार्ड नव्हतं. "दवाखान्यात जाऊन येते" म्हणायची, जसं कोणी मंडईत जाऊन येते म्हणेल. पिशवीत मुगाची खिचडी, एक कंगवा (बायकांचे केस विंचरून द्यायला, आजारपणात याची कोणाला आठवण राहत नाही, हे तिचं मत) आणि पोस्टकार्डं. वॉर्डात शिरताना "ऊटा आतेन री?", पुढच्या कॉटपाशी "तिन्नावा?" आणि त्यापुढे "जेवलीस का गं?". एकच प्रश्न तीन भाषांत. सिव्हिलला विजापूर-गुलबर्ग्याकडून माणसं यायची, तशीच उस्मानाबाद-लातूरकडूनही. डॉक्टरांनी सांगितलेलं पेशंटला समजावणं आणि पेशंटने न सांगितलेलं डॉक्टरांना सांगणं, हे तिचं काम. दुसरं जास्त अवघड, असं म्हणायची.

डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचा तिला कोण अभिमान! आपल्या सोलापूरचा माणूस, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारला. शांतारामबापूंचा सिनेमा तिने पाहिला होता. पण युद्ध, बलिदान वगैरे तिच्या लेखी दुय्यम. "तिथं जाऊन त्यांची भाषा शिकला की रे तो," हे ती दरवेळी सांगायची.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे सगळं ऐकीव. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जन करून लोक झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर भाग उद्ध्वस्त झाला. जवळपास आठ हजार माणसं गेली. दगडमातीची जड घरं झोपेतच अंगावर आली. सोलापुरातही भांडी वाजली होती. जखमी सोलापूरला येऊ लागले तशी आज्जी गेली, आणि पंधरा दिवस रोजच जात राहिली. ती तेव्हा त्रेसष्ट वर्षांची.

याबद्दल ती फारसं बोलत नसे. इथे भाषेचा प्रश्न नव्हता, सगळी मराठीच माणसं. एकदा मी शाळेच्या प्रोजेक्टसाठी खोदून विचारलं तर म्हणाली, "बोलतच नव्हतं रे कोणी."

तेव्हाची तिची वही तिच्या ट्रंकेत सापडली. दोनशे पानी, वाण्याच्या हिशोबाची असते तशी. चौथी पास अक्षर. "सास्तूर. बाई. डावा पाय. दोन मुलं कुठं आहेत विचारते." पुढे काही नाही. "म्हातारा. गाव सांगत नाही." "मुलगी, सहा-सात वर्षं. काका आले, घेऊन गेले." या ओळीखाली दोनदा रेघ मारलीये. नातेवाईक शोधत येत, तेव्हा कोण कुठल्या कॉटवर आहे हे सांगायला ती वही. मी दिवसभर डेटाबेसमध्येच असतो हो. पण त्या वहीतले रिकामे रकाने मला बघवले नाहीत.

आता जे लिहायला बसलो होतो ते.

शेवटच्या आजारात तिला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. न्यूमोनिया, ऑक्सिजन. मी पुण्याहून गेलो, लॅपटॉप घेऊनच. दुसऱ्या दिवसापासून तिची मराठी गेली. गेली म्हणजे अक्षरशः गेली. आमच्याकडे बघून ती फक्त कानडीत बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, या वयात, अशा आजारात होतं असं कधी कधी, लहानपणची भाषा तेवढी उरते. बाबांना कानडी थोडी समजते, पण तिचा आवाज खोल गेलेला आणि बाबांना ऐकू कमी येतं. मावशीआज्जी तर कधीच गेली. मग मी काय केलं? हात हातात घेऊन "हो आज्जी, हो" म्हणत राहिलो. दोन दिवस. ती तेच तेच बोलायची, मी तेच तेच हो म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. अक्कलकोटकडच्या होत्या. थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाल्या, "दादा, त्या घरी ने म्हनूलालेत. तुम्ही नुसतं हो हो म्हणताव, नेत तर नाही."

त्या सहज बोलल्या आणि बादली उचलून पुढे गेल्या. मला आजही नीट सांगता येत नाही तेव्हा काय झालं. पस्तीस वर्षं जी बाई परक्या माणसांच्या कॉटपाशी उभी राहून त्यांचं म्हणणं पोचवत होती, तिचं एक वाक्य पोचायला दोन दिवस लागले, आणि मध्ये अडथळा मीच होतो.

डॉक्टरांशी बोललो. ऑक्सिजनचं मशीन घरी भाड्याने आणलं, त्यात आणखी दोन दिवस गेले. घरी आली. तिच्या खोलीत, तिच्या कॉटवर. नऊ दिवस होती. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, पण आईने पेज भरवली की मान हलवायची.

हॉस्पिटलमध्ये त्या दुसऱ्या दिवशी मी तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, कोणाला तरी ऐकवून अर्थ विचारू म्हणून. एक मिनिट बारा सेकंद. "घरी ने" तेवढं आता मला ओळखू येतं, तीनदा आहे. पण मध्ये बरंच काही वेगळंही आहे. एके ठिकाणी माझं नाव आहे, आणि त्यानंतर ती थोडी हसल्यासारखी वाटते. आमच्या टीममध्ये हुबळीचा एक जण आहे, माझ्या शेजारीच बसतो. ऑफिसला रुजू होऊन तीन आठवडे झाले, अजून त्याला ऐकवलेलं नाही.

सोमवारी ऐकवीन म्हणतो.