पोकळ लाकूड

फेब्रुवारी. सागाची पानं गळालेली, पायाखाली पापड मोडावेत तसा आवाज. इस्लापूरहून सहस्रकुंड धबधब्याकडे जाताना या दिवसांत रान उघडं पडतं, पाखराला लपायला जागा उरत नाही. आज सोनपाठी सुतार दिसला. आधी ऐकू आला. घोडं खिंकाळावं तसा हसत, झोके घेत आला आणि खोडाला उभाच चिकटला.

*

पाठ हळदीची, कपाळ नि तुरा कुंकवाचा, गळा काळा. मादीच्या कपाळावर मात्र कुंकू नाही; तिथं काळ्यावर पांढरे ठिपके, लाल रंग मागच्या तुऱ्यापुरताच. आपल्या रीतीच्या अगदी उलट.

*

मराठीत सुतार. तेलुगूत 'वड्रंगी पिट्ट', म्हणजे तेही सुतारपाखरूच. हिंदीवाले कठफोडवा म्हणतात. त्यांना नुसती फोडाफोड दिसली. इस्लापूर सर्कल 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होतं, तेव्हा इथल्या जुन्या कानांना मराठी-तेलुगू दोन्ही नावं ओळखीची असावीत.

खेड्यापाड्यांत हुदहुदलाही सुतारच म्हणतात. तुरा आणि लांब चोच पाहिली की झालं! हुदहुद बिचारा जमीन उकरतो, लाकडाच्या वाटेला जात नाही.

*

सुतार लाकूड पारखताना बोटाच्या पेरानं ठोकून कान देतो. हाही तेच करतो. ठोकलं, थांबला, दोन बोटं वर सरकला, पुन्हा ठोकलं. आत किड्यांनी पोखरलं असेल तिथंच चोचीची पटाशी चालते. मग जीभ. तिला आधार देणारी हाडं कवटीच्या मागून वळसा घालून डोक्यावर आलेली असतात, म्हणून ती एवढी लांब बाहेर पडते. मुंग्या हे त्याचं आवडतं खाणं. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. शेपटीची ताठ पिसं खोडाला टेकू देतात.

डोकं दुखत नाही का? कवटीत स्पंजासारखी गादी असते, ती धक्का पिते, असं आपण वर्षानुवर्षं वाचलं. मीही पोरांना तेच सांगत आलो. 2022 मध्ये संशोधक व्हॅन वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या तीन जातींच्या सुतारांचं वेगवान चित्रीकरण तपासलं, तर गादी नाहीच. डोकं ताठ हातोड्यासारखं चालतं. खरंच आहे. हातोड्याला उशी बांधून खिळा कोण ठोकेल? मेंदू लहान, म्हणून निभावतं.

*

बाभळीवर मराठा सुतार. चिमणीहून जरा मोठा, तपकिरी-पांढरा, डोक्यावर पिवळी टोपी. पक्षीशास्त्रज्ञ जॉन लॅथमनं 1801 मध्ये शास्त्रीय नावात त्याला 'महराटेन्सिस' म्हटलं. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव होता आणि हा मुलूख निजामाचा.

*

सुतारपाखराच्या घरट्याला वठलेलं किंवा आतून भुसभुशीत झालेलं खोड हवं. भोक आडवं आत जाऊन खाली वळतं. अस्तर नाही, पांढरी अंडी लाकडाच्या किसावरच. तो सोडून गेला की पोपट, साळुंकी, पिंगळा असे भाडेकरू येतात. शेकडो साग उभे आहेत, पण फर्निचरवाल्याला हवा तो सरळ, निरोगी साग या पाखराच्या कामाचा नाही. त्याच्या कामाचं झाड सरपणाला पहिलं जातं.

*

परतताना एका अंगणात सरपण रचलेलं. एका ओंडक्याला गोल भोक, कडा रंधा मारल्यासारखी. हात घातला. मनगटापुढे खाली वळलं. बोटांना थोडा किस लागला.