फोर बाय फोर आहे ना, मग कशाला?

खोटं बोलला असता तर निदान भांडता आलं असतं. कॅलगरीतल्या ज्या दुकानातून आम्ही वापरलेली जीप रँग्लर घेतली, तिथल्या विक्रेत्याने टायरच्या कडेवर बोट ठेवून दाखवलं होतं, ‘एम प्लस एस. मड अँड स्नो. हिवाळ्याची चिंता मिटली.’ अक्षरं खरी होती, टायरही जवळजवळ नवे होते. तरी तो माणूस आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

जीपच का घेतली, ते सांगत बसत नाही. माहेर चिपळूणचं, घाटात गाडी चालवायला शिकले, नवऱ्याला तंबू ठोकायचा नाद आणि अल्बर्टात जंगलातले कच्चे रस्ते हवे तेवढे. आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींना ‘एवढ्या पैशात चांगली एसयूव्ही आली असती’ असं वाटतं, ते वाटू दे.

टायर होते मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे, तेही आधीच्या मालकाने हौसेने घातलेले २८५ रुंदीचे. मोठमोठे ठोकळे, मधल्या खाचांत दोन बोटं सहज जातील. सप्टेंबरातल्या पावसाने राडा झालेल्या रस्त्यावर ते असे चालले की मी भावाला व्हिडिओ पाठवला. मग नोव्हेंबर आला.

आमची गल्ली उताराची आहे, खाली स्टॉपची पाटी. कॅलगरीत मोठे रस्ते लवकर साफ होतात, पण गल्लीबोळांतला बर्फ गाड्यांखाली दाबला जाऊन गुळगुळीत होतो. वेग ताशी वीसच्या आत होता. ब्रेकवर पाय ठेवला, एबीएसने पायाखाली कडकड सुरू केली, आणि जीप अगदी सरळ, कसलीही घाई न करता, पाटी ओलांडून चौकाच्या मधोमध जाऊन थांबली. चौक रिकामा होता. फोर हाय, म्हणजे चारही चाकांना जोर, टाकलेलं होतं. पण त्याचा उपयोग सुटताना. थांबायची वेळ आली की चार चाकांना ब्रेक तर मारुतीलाही असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उणे चोवीस होतं. बाहेर जाऊन टायरच्या ठोकळ्यात नख रुतवून पाहिलं. नख वाकलं, रबर नाही.

आम्ही दुकानात परत गेलो. हा भाग मी इतक्या जणांना ऐकवलाय की नवरा आता उठून चहा टाकायला जातो. विक्रेत्याने आमचं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणजे नवऱ्याचं ऐकलं. जीप माझ्या नावावर, चालवते मी, प्रश्नही मीच विचारत होते, पण उत्तर दर वेळी माझ्या खांद्यावरून मागे जायचं. मग त्याने शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा नियम काढून दाखवला. तिथे ठरावीक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि कायद्याला दोन्ही खुणा चालतात: तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण, नाही तर नुसतं एम प्लस एस. नक्षी किमान ३.५ मिलिमीटर हवी, एवढंच. ‘तुम्ही रॉजर्स पासला गेलात तरी पोलीस परत पाठवणार नाहीत. आणि अल्बर्टात तर सक्तीच नाही.’ वर ते वाक्य, जे त्यानंतर मी निम्म्या शहराकडून ऐकलं, ‘फोर बाय फोर आहे ना, मग कशाला?’

मी विचारलं, एम प्लस एस लिहायच्या आधी टायर बर्फावर चालवून बघतात का? त्याला माहीत नव्हतं. मला घरी जाऊन वाचावं लागलं. चालवून बघत नाहीत. ती खूण नक्षीच्या आकारावर मिळते. टायरच्या पृष्ठभागात खाचांचं प्रमाण साधारण पाव हिस्सा असलं, खाचा कडेपर्यंत नीट गेलेल्या असल्या, की कंपनी ती अक्षरं छापू शकते. रबर थंडीत दगड होतं की मऊ राहतं, याची चौकशीच नाही. मड टेरेनला खाचा भरपूर असणारच. म्हणजे दाबलेल्या बर्फावर बेभरवशाच्या टायरला ही खूण सर्वांत सहज मिळते, आणि एक सरकार ती ग्राह्य धरतं. क्वेबेकमध्ये असं नाही. तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे आणि २०१४ पासून नुसतं एम प्लस एस चालत नाही. नियम करायचा तर असा करावा. अर्धवट नियमाने माणूस जास्त निर्धास्त होतो, असं माझं मत झालंय.

बरं, डोंगर-हिमकणाची खूणही काही देवाची मोहोर नाही. १९९९ मध्ये ती आली. दाबलेल्या बर्फावर, संदर्भासाठी ठरवलेल्या टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. पण ती पकड मोजतात पुढे रेटताना. ब्रेक लावताना नाही, वळताना नाही आणि काचेसारख्या बर्फावर तर नाहीच. आता ही खूण बऱ्याच ऑल टेरेन टायरवरही असते. त्यामुळे खूण बघून दुकानातून बाहेर पडता येत नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. चिपळूणहून भावाचा फोन, ‘हवा कमी कर ताई, टायर पसरतो, पकड वाढते.’ वाळूत आणि खोल भुसभुशीत बर्फात ते खरंच आहे. आइसलँडमध्ये अडतीस इंची टायर लावून, हवा नावापुरती ठेवून लोक हिमनदीवर जीप चालवतात. पण मला रोज ऑफिसला जायचं होतं. रस्त्यावरच्या चिखलट बर्फातून टायरने खालचं डांबर गाठायला हवं, आणि त्याला अरुंद टायर बरा. शिवाय इथे हवा आपोआप कमी होते: तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय जातो. उबदार गॅरेजात भरलेली हवा उणे पंचविसात सात-आठ पीएसआयने कमी भरते. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग काम झालंच की.

खरा शहाणा सल्ला दिला तो शेजारच्या पंजाबी ट्रकवाल्याने. चारही एकसारखे घे, लोखंडी डिस्कवर वेगळे बसवून ठेव म्हणजे दर वर्षी टायर काढ-घाल नको, आणि ऑक्टोबर उजाडायच्या आत घे, नंतर माप मिळत नाही.

जीपची आणखी एक अडचण आहे, ती विकणारा सांगत नाही. आमच्या रँग्लरचं फोर बाय फोर कोरड्या रस्त्यावर वापरायचंच नसतं. पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट जोडला जातो, मधे दोघांच्या वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर वळताना चाकं ओढाताण करतात. आणि कॅलगरीला चिनूक वारा आहे. रॉकी पर्वत उतरून येताना तो तापतो, आणि आदल्या दिवशी उणे वीस असलेलं तापमान शून्याच्या वर जातं. बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. रस्ता मग कोरडा, ओला, काळा बर्फ, पुन्हा कोरडा असा तुकड्या-तुकड्यांनी येतो. अशा रस्त्यावर जीप बहुतेक वेळ टू व्हील ड्राइव्हमध्येच असते, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना. आणि शून्याच्या आसपासचा बर्फच सर्वांत वाईट, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. मला भीती उणे तिसाची नाही, उणे एकची वाटते.

दुकानात पहिल्यांदा खरा हिवाळी टायर हातात घेतला. ठोकळ्यांवर सुरीने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी रेघा. अंगठ्याने दाबल्यावर त्या उघडतात. चिखलाच्या टायरने चिखल झटकून टाकायचा असतो, म्हणून खाचा रुंद. याने उलट बर्फ धरून ठेवायचा. बर्फ बर्फाला चिकटतो. रबरात सिलिका जास्त, त्यामुळे थंडीतही ते लवतं. खिळ्यांचे घ्यायचे की बिनखिळ्यांचे, यावर मात्र घरात वाद झाला. अल्बर्टात खिळे वर्षभर चालतात. नवऱ्याला ते आमच्या उतारासाठी हवे होते. पण चिनूकमध्ये रस्ता उघडा पडला की खिळे खडखडतात, आणि नुसत्या डांबरावर थांबायलाही जास्त अंतर घेतात. शेवटी बिनखिळ्यांचे हक्कापेलिटा घेतले, २४५ रुंदीचे. फिनलंडच्या नोकियन टायर्सचं हे नाव १९३६ पासून चालत आलंय. ज्या देशाला हिवाळ्याशिवाय दुसरा ऋतू नीट मिळत नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवावा. जीप त्या अरुंद टायरवर जरा केविलवाणी दिसते, पण स्टॉपच्या पाटीला थांबते.

एवढं सगळं झाल्यावर जानेवारीत कनानास्किसच्या बाजूला एका जंगलरस्त्यावर गेलो. गुडघाभर ताजा, ओलसर बर्फ. नवे टायर शहाण्यासारखे खाली डांबर शोधायला गेले, खाली डांबर नव्हतंच, आणि जीप पोटावर बसली. फावड्याने उकरताना मला त्या मड टेरेनची फार आठवण झाली. अशा बर्फात ते रुंद ठोकळे वल्ह्यासारखे बर्फ मागे लोटत निघून गेले असते. आमच्या मागून आलेल्या मुलाच्या ट्रकला तसेच टायर होते, त्यानेच दोर लावून आम्हाला काढलं. मी त्याला विचारलं, शहरात थांबायला त्रास होत नाही का? म्हणाला, मी आधीपासून ब्रेक लावतो.

आता नवरा म्हणतो, जंगलासाठी मड टेरेन, रोजच्यासाठी हक्का, आणि उन्हाळ्याला साधे ऑल टेरेन, असे तीन संच ठेवू. दोन संचांनीच गॅरेज भरलंय. जीप बाहेर उभी असते, इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर लावून. सकाळी तिच्यावरचा बर्फ खरवडायला कोण जाणार, हे तो सांगत नाही.