माझगावची टेकडी

हिंदमाता, आषाढ

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आमच्या चौकात गुडघाभर पाणी होतं. परळ-दादरचं पाणी उतरतं आणि मुक्कामाला हिंदमातालाच येतं. मुंबईत डोंगर उरलाय का, असं तू चिडवलंस म्हणून रविवारी उघडीप मिळताच एक बघून आलो.

शिवडीहून हार्बर पकडली. कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड. स्टेशनाबाहेर पडलं की भंडारवाड्याची टेकडी. आपल्या गावच्या सड्यापुढे हिला कोणी डोंगर म्हणणार नाही, पण धाप लागली खरी! वर बाग आणि बागेच्या पोटात पालिकेचा जलाशय. आम्हाला नको तेवढं पाणी फुकट, इथे तेच कुलूप लावून ठेवलेलं. पूर्वी इथे इंग्रजांचा किल्ला होता, तो 1690 साली सिद्दी याकूतखानाने पाडला. आता वरून दिसतात गोदीच्या क्रेन आणि माझगाव डॉकमधली जहाजं.

माझगावचं ग्लोरिया चर्च पोर्तुगिजांच्या काळातलं, 1632 चं. तेही आता माझगावात नाही. रेल्वेसाठी जुनी इमारत पाडली आणि 1913 पर्यंत भायखळ्याला नवी उभी राहिली. देऊळ हलवायचं म्हटलं तर आपल्याकडे काय झालं असतं, कल्पना कर.

गाव मात्र हललं नाही. माथारपाखाडी. नावातली पाखाडी गावाकडची, तुझ्या-माझ्या ओळखीची, म्हणून पाय आपोआप आत वळले. लाकडी जिने, कौलं, नाक्यावर क्रूस. ओसरीवरच्या म्हातारीने हटकलं, तर बोली थेट आगरी-कोळ्यांच्या वळणाची. ही ईस्ट इंडियन माणसं. नाव इंग्रजी, घरात मराठी.

याच पाखाडीत 1864 साली जोसेफ बाप्टिस्टा जन्मले. टिळकांचे वकील-मित्र, 1916 च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. 1920 साली आयटक ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांतही ते होते. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. वरच्या बागेला त्यांचंच नाव आहे. बाबांची सगळी हयात गिरणीत गेली, घरात डांगे-मिरजकर या कामगार पुढाऱ्यांच्या गोष्टी रात्र-रात्र चालत. त्यांत हे काका कधी आले नाहीत. लालबागहून टेकडी फार लांब नाही, तरी आपल्यापैकी कोणी चढलं नव्हतं. बाबा असते तर विचारलं असतं.

परतताना पुन्हा पाऊस आला. शिवडीलाच पँट दुमडून घेतली.

गणपतीच्या आधी ये. तुला त्या म्हातारीशी बोलायला लावायचंय.

तुझा,
बाळू