कटरना, शिंगटी आणि माझी एक चुकलेली बातमी

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. राजकारण नाही, मासे आहेत. म्हणजे राजकारण अगदीच नाही असंही नाही.

काही वर्षांपूर्वीच्या आखाडातली गोष्ट. सकाळी साडेसहाला भोईपुऱ्यातल्या एका काकांचा फोन आला. "भाऊ, लवकर या. असा मासा म्या जिंदगीत पाह्यला नाई." गाडी काढली, गेलो. घमेल्यात काळपट, ठिपक्याठिपक्यांचा, अंगावर चिलखत चढवल्यासारखा मासा. तोंड पोटाखाली. पाण्याबाहेर दोन तास झाले तरी जिवंत. आजूबाजूला पन्नास माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

मी फोटो काढले, चारशे शब्द लिहिले, पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी तीन कॉलम बातमी : 'मेळघाटच्या पायथ्याशी आढळली माशाची नवी प्रजाती'. मथळा डेस्कचा होता असं सांगून मी सुटू शकतो, पण 'नवी प्रजाती' हे शब्द माझ्याच कॉपीत होते. कुणाला विचारून लिहिले? कुणालाच नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात 'दोन स्रोतांकडून खात्री करा' हे शिकलो होतो. माशाच्या बाबतीत ते आठवलं नाही.

अकरा वाजता इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा फोन. आवाज शांत. "भाऊ, तो सकर मासा आहे. दक्षिण अमेरिकेतला. फिश टँकची काच साफ ठेवायला लोक आणतात, मोठा झाला की तळ्यात सोडून देतात. राज्यात ठिकठिकाणी सापडतो आता." मी विचारलं, मग खुलासा छापू का? ते म्हणाले, "छापा. आणि संध्याकाळी चहाला या."

खुलासा आतल्या पानावर चार ओळींत आला. तो कुणी वाचला नाही. मूळ बातमीचं कात्रण मात्र आजही व्हॉट्सॲपवर फिरतं, दर पावसाळ्यात माझ्याच फोनवर परत येतं. काकांना त्या दिवशी कुणीतरी माशाचे हजार रुपये देत होता. पेपरात आलं म्हणून त्यांनी भाव वाढवला, आणि 'सकर' कळल्यावर गिऱ्हाईक पळालं. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागलं.

तर त्या संध्याकाळपासून मी मिशीवाल्या माशांच्या नादी लागलो. शिंगाडा, कटरना, शिवडा, मागूर हे सगळे एकाच मोठ्या खानदानातले. खवले नसतात, तोंडाभोवती मिशा असतात, बऱ्याच जणांच्या पाठीवर आणि कल्ल्यामागे काटा. (ज्याला कटरन्याचा काटा लागला त्याला हे सांगावं लागत नाही.) जगात या गणाच्या ४००० च्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत आणि दरवर्षी भर पडतेच आहे. गंमत म्हणजे तो सकरही याच गणातला.

सरांनी मला कर्नल साईक्सची गोष्ट सांगितली. विल्यम हेन्री साईक्स, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८२०च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. पिकं, माणसं, पक्षी आणि मासे. पुण्याची मुळा-मुठा, भीमा, इथले मासे त्यानं पाहिले, चितारून घेतले, आणि १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात त्यांची वर्णनं छापली. त्यात नावं कशी दिली? काही साहेबलोकांच्या नावावरून दिली, यारेल, चिल्ड्रेन वगैरे. पण बरीच नावं त्यानं सरळ नदीकाठच्या लोकांच्या तोंडातून उचलली. शिंगाळ्याचं शास्त्रीय नाव आज जगभर 'स्पेराटा सिंघाला' आहे. दुसऱ्या एकाचं 'मिस्टस सींगटी'. म्हणजे आपली शिंगटी. आणखी एक 'टाकरी', एक 'गूंगवारी'. लॅटिनच्या पोशाखात मराठी माणसं उभी आहेत.

नाव सांगणाऱ्या भोयांची नावं त्यात नाहीत. साईक्सचं आहे, नावापुढे, कायमचं.

मराठी नावाची ही रीत पुढे मराठी माणसानंही चालवली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, हे पुढे राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झाले. कोल्हापूरच्या पंचगंगेतून त्यांनी १९५२ मध्ये एक छोटा मिशीवाला मासा जगापुढे आणला. तो दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. नाव ठेवलं 'निओट्रोपियस खवलचोर'. हो, शास्त्रीय नावातच खवलचोर! मी हे ऐकलं तेव्हा चहा सांडला होता.

पण मला खरी चटका लावणारी गोष्ट शिंगटीची. साईक्सनं ती १८३९ मध्ये वेगळी जात म्हणून सांगितली. नंतरच्या विद्वानांनी ठरवलं, छे, ही तर गंगेतल्या 'कॅव्हेसियस'सारखीच दिसते, एकच आहे. झालं, शिंगटी यादीतून गेली. बराच काळ गेली. २००५ मध्ये प्रोसांता चक्रवर्ती आणि हिओक ही एनजी या दोन संशोधकांनी 'कॅव्हेसियस' म्हणून ठेवलेले नमुने शेजारीशेजारी मांडून मोजले आणि सांगितलं, दक्षिणेकडचा मासा वेगळा आहे, साईक्स बरोबर होता. मासा कुठे गेला नव्हता. कागदावरून गेला होता.

हे मी काकांना सांगितलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, "आमच्याइकडं बी दोन कटरने हायेत ना. एकाची पाठ उंच, थो लवकर मरते. दुसरा दिवसभर घमेल्यात जित्ता राह्यते. तुमचे सायेब लोक दोघायले एकच म्हणत असतीन तर म्हनू द्या."

मी आता शहाणा झालो होतो. बातमी केली नाही, सरांकडे गेलो. सर म्हणाले, काका बरोबर असू शकतात. दोन्ही जाती आधीच नोंदलेल्या असतील, किंवा एकाचेच नर-मादी असतील. 'नवी' म्हणायचं तर आधी जुन्या सगळ्या पाहाव्या लागतात. मिशा किती लांब, काट्याला दाते किती, पाठीवरचा चरबीचा पर कुठून सुरू होतो, मणके किती, वर डीएनए. मग एक नमुना 'हाच तो' म्हणून संग्रहालयात कायमचा ठेवायचा. पंचाईत अशी की साईक्सच्या अनेक माशांचे असे मूळ नमुनेच आज उपलब्ध नाहीत. मग ज्या नदीतून त्यानं मासा घेतला, तिथलाच ताजा मासा आणून पडताळायचा. ती नदी कोणती? पुण्याची मुळा-मुठा. तिची आजची अवस्था पुणेकर मित्रांनी कॉमेंटमध्ये सांगावी. पूर्वी तिथे नोंदलेल्या कित्येक जाती आता तिथे मिळत नाहीत.

आपल्या जिल्ह्याचं वेगळंच. परतवाड्याची सापन, बिच्छन पूर्णेला जातात, पूर्णा तापीला, तापी अरबी समुद्राला. आणि मोर्शीकडची वर्धा गोदावरीच्या खोऱ्यातली, म्हणजे बंगालच्या उपसागराला. एका जिल्ह्यातले दोन कटरने, पण त्यांची पाणी कधी भेटत नाहीत. एस. एल. होरा नावाच्या मोठ्या मत्स्यशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात मांडलं होतं की हिमालयाकडचे डोंगरी ओढ्यांतले मासे सातपुड्याच्या रांगेनंच सह्याद्रीत पोचले. त्यावर आज बरेच आक्षेप आहेत. पण आपण चिखलदऱ्याला भुट्टे खायला जातो तो डोंगर माशांच्या शास्त्रात एका सिद्धांताला नाव देऊन बसलाय, हे मला पंचेचाळिशीत कळलं.

आता तो राजकारणाचा भाग. मध्यंतरी एका मच्छीमार सोसायटीचं रजिस्टर पाहिलं. रकाने : रोहू, कतला, मृगळ, इतर. काकांचे दोन्ही कटरने, शिवडा, शिंगाडा, सगळे 'इतर'मध्ये. धरणात बीज सोडतात ते पहिल्या तिघांचं. उद्या उंच पाठीचा कटरना संपला तर कोणत्या रकान्यात आकडा कमी होईल? मागूरचंही तेच. भारतातल्या मागूरला वर्षानुवर्षं 'क्लॅरियस बॅट्रॅकस' म्हणत आलो. ते नाव जावा बेटावरच्या माशाचं आहे, आपला 'क्लॅरियस मागूर', हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. आणि बाजारात मागूर म्हणून खपतो तो बऱ्याचदा आफ्रिकेतला, बंदी असलेला. आपला मासा नीट ओळखता येत नसेल तर परका कसा पकडणार?

गेल्या पावसाळ्यात काकांनी सापनमधले दोन्ही प्रकारचे कटरने दिले, मी मोर्शीच्या बाजारातून चार आणले. फॉर्मॅलिननं डीएनए खराब होतो, म्हणून सरांनी कडक अल्कोहोल मागवलं. काका बरणीचा वास घेऊन म्हणाले, "एवढी चांगली माशायले?" बरण्या सरांच्या कपाटात आहेत, चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिल्यात, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. तारीख, नदी, ठिकाण. आणि सरांनी विचारल्याशिवायच एक ओळ वाढवली : 'पकडणारा', त्यापुढे काकांचं पूर्ण नाव.

तपासणी पुण्यात कुणाकडे तरी व्हायची आहे. निकाल काहीही येवो, मी बातमी सरांनी हो म्हटल्यावरच करीन.